‘मॅडम, तुम्ही लिहिता का?’

पत्र

आदरणीय ताई, नमस्कार.

मी पूर्व नागपुरातल्या एका अनुदानित शाळेत आठवी ते दहावीला मराठी शिकवते. नोकरीला 17 वर्षं झाली. यंदा शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात नववीला ‘माझा आवडता ऋतू’ हा निबंध दिला. 43 वह्या आल्या. त्यातल्या 31 वह्यांची सुरुवात एकच, ‘निसर्ग हा मानवाचा खरा मित्र आहे.’ सगळं गाईडातून उतरवलेलं. मी वर्गात चिडले. म्हटलं, स्वतःच्या मनानं लिहा ना रे. तर मागच्या बाकावरचा एक पोट्टा उभा राहिला आणि अगदी साधेपणानं म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही लिहिता का?’ त्यात उद्धटपणा नव्हता, त्याला खरंच विचारायचं होतं. मला उत्तर देता आलं नाही.

त्या रात्री डायरी काढली. चार दिवस लिहिलं. पाचव्या दिवशी वाचून पाहिलं तर तेही गाईडासारखंच. डायरी कपाटात गेली. घरी सासूबाईंचं औषधपाणी आहे, मुलगा बारावीला आहे, शाळेत शिकवण्यापेक्षा ऑनलाइन माहिती भरण्यात जास्त वेळ जातो. आणि जिथे विदर्भ साहित्य संघासारखी संस्था आहे, त्या शहरात मी लिहिणारी कोण? तरी त्या पोराचा प्रश्न डोक्यातून जात नाही. शिकवण्यासाठी आपण स्वतः लिहायलाच हवं का? हवं असेल तर कुठून सुरू करू? पोरं हसतील याचीही भीती वाटते.

एक शिक्षिका, नागपूर

उत्तर

प्रिय मॅडम,

हो, लिहायला हवं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मोकळी होते.

पण लेखिका होण्यासाठी नाही. त्यासाठी लिहिणारे लिहितात, त्यांचं त्यांना लखलाभ. विदर्भ साहित्य संघ 1923 पासून आहे, तो तुमच्या वहीत डोकावायला येणार नाही. तुम्ही लिहायचं ते एवढ्यासाठी, की कोरा कागद समोर आला की माणसाचं काय होतं हे आपण शिक्षक विसरून गेलेलो असतो. मी 33 वर्षं मराठी शिकवलं. त्यातली पहिली 20 वर्षं फळ्यावर विषय लिहायचा, ‘चला, सुरू करा’ म्हणायचं आणि खुर्चीत बसून हजेरी भरायची, असंच चाललं. पोरं तिकडे पेनाचं टोपण चावत बसायची. ती का बसलीत, हे मला कळायचं नाही, कारण त्या जागेवर मी स्वतः कधी बसलेच नव्हते.

तुम्ही मात्र चार दिवस बसलात. डायरी वाया गेली असं तुम्हाला वाटतं, मला ती तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटली. कोणी तुम्हाला गाईड दिलं नव्हतं, मार्क द्यायचे नव्हते, तरी तुमच्या पेनातून गाईड उतरलं. मग त्या 31 पोरांनी ते वाक्य का लिहिलं? आळस म्हणून नाही. ते वाक्य बिनधोक आहे, त्याला कोणी लाल रेघ मारत नाही. स्वतःचं वाक्य लिहिलं तर काय होतं, हे पोरांनी पाहिलेलं असतं, आणि बहुतेक वेळा आपल्याच हातून पाहिलेलं असतं.

माझ्या हातून झालेलं सांगते. बरीच वर्षं झाली. सातवीच्या वर्गाला ‘माझे बाबा’ हा विषय दिला होता. एका मुलीनं लिहिलं होतं, ‘बाबा रात्री पैसे मोजून राहिले होते. मी झोपायचं सोंग घेऊन राहिली होती. चिल्लर संपली तरी बाबा मोजूनच राहिले होते.’ एवढंच. अर्धं पान कोरं. मी काय केलं? तिन्ही ठिकाणी लाल पेनानं खोडून वर ‘मोजत होते’, ‘घेत होते’ असं लिहिलं आणि खाली शेरा मारला, ‘विषयाला धरून लिहा. शुद्धलेखन सुधारा.’ दहापैकी चार. पुढच्या महिन्यात तिनं ‘माझी आई’ लिहिला. ‘माझी आई फार प्रेमळ आहे. ती सकाळी लवकर उठते.’ एकही चूक नाही. मी आठ मार्क दिले आणि शेजारी ‘शाब्बास’ लिहिलं. त्यानंतर ती वर्षभर तसंच लिहीत राहिली. चिल्लर मोजणाऱ्या बाबांसारखं काही तिच्या वहीत पुन्हा आलं नाही.

मी खोडलं काय होतं, हे कळायला मला स्वतः लिहावं लागलं. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी आई गेल्यावर मी तिच्याबद्दल दोन पानं लिहायला बसले. आई आमची अस्सल नागपूरची. ‘काऊन गं, काय करून राहिली?’ हे तिचं बोलणं. ते मी ‘काय करत आहेस?’ असं लिहिलं आणि कागदावरून आईच निघून गेली. तेव्हा मला ती मुलगी आठवली. ‘मोजत होते’ म्हटलं की एक क्रिया झाली. ‘मोजून राहिले होते’ म्हटलं की त्यात रात्र येते, न संपणारं येतं, आणि ते बघत जागी असलेली पोरगी येते. ‘राहिले’ हा शब्द तिथे खरंच राहिलेला होता. मी तो काढून टाकला.

परीक्षेत ‘मोजत होते’ असंच लिहायचं, हे पोरांना सांगावं लागतं आणि सांगावंच. प्रमाण मराठी त्यांच्या हक्काची आहे, ती दिली नाही तर उद्या अर्ज लिहिताना, मुलाखतीत तीच पोरं अडतील. पण घरची बोली खोडून तिच्या जागी प्रमाण भाषा बसवणं वेगळं, आणि घरच्या बोलीशेजारी ती आणून ठेवणं वेगळं. हा फरक मला शुद्धलेखनाच्या कुठल्या प्रशिक्षणात कळला नाही, आईवरच्या त्या दोन पानांत कळला.

आता सुरुवात कुठून करायची ते. डायरी नको. डायरी म्हटलं की आपण दिवसाचा हिशोब देतो नाहीतर मोठ्या भावना लिहायला जातो, आणि दोन्हीकडे तयार वाक्यं वाटच बघत असतात. त्यापेक्षा रोज एक वस्तू किंवा एक हालचाल घ्या. आज पाहिलेली, नाहीतर पक्की आठवणारी. तर्री पोह्याच्या ठेल्यावरचा माणूस तर्री ओतताना पळी कशी धरतो, सायकल स्टँडवर एकच सायकल रोज आडवी का पडलेली असते, सासूबाई गोळी हातावर घेऊन आधी तिचा रंग का बघतात. दहा मिनिटं, घड्याळ लावून. दहा मिनिटं झाली की वाक्य अर्धं असलं तरी थांबायचं. अर्धं सोडलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी आपल्याला बोलावून घेतं, हा माझा अनुभव आहे.

वही साधी, दुकानात मिळते ती दोनशे पानी. सुंदर कव्हरची वही आणू नका, तिच्यात सुंदरच लिहावं लागतं. आणि वहीला दोन बाजू करा. पुढून लिहाल ते वर्गात वाचून दाखवता येईल असं. मागून, वही उलटी करून, लिहाल ते फक्त तुमचं. घरातलं दुखणं, मुलाची काळजी, शाळेतला राग, सगळं मागून. असं वेगळं ठेवलं की पुढची पानं उगाच भेदरलेली राहत नाहीत.

वेळेचं तुम्ही लिहिलंत ते खोटं नाही. पहाटे पाचला उठून लिहा असं मी सांगणार नाही. ज्या बाईचा दिवस पहाटेच सुरू होतो तिला असा सल्ला देणं बरं नाही. तुमच्या दिवसात दहा मिनिटं एकाच ठिकाणी आहेत, ती म्हणजे वर्गात. पोरं लिहीत असताना तुम्हीही लिहा, त्याच विषयावर, त्याच वेळेत. आठवड्यातून एक तास, शनिवारच्या सकाळच्या शाळेत जमला तर उत्तम. त्या तासाला हजेरी नाही, माहिती भरणं नाही, बाकांमधून फिरणंही नाही. शेवटच्या बाकावर त्या पोराशेजारी जागा असेल तर तिथे जाऊन बसा. त्याच्या प्रश्नाला तिथे बसणं हेच उत्तर होईल.

पोरं हसतील का? पहिल्या दिवशी हसतील. माझ्या वर्गातही हसली. ‘उन्हाळा’ विषय होता. मी लिहून आणलेलं वाचून दाखवलं नाही, फळ्यावरच लिहायला घेतलं, त्यांच्या डोळ्यांसमोर. पहिलं वाक्य आलं, ‘उन्हाळा हा अत्यंत कडक ऋतू आहे.’ मागून कोणीतरी खुसखुसलं. मी म्हटलं, हे तर गाईडातलं झालं, आणि त्यावर रेघ मारली. दुसरं लिहिलं, ‘मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या वर जातो.’ खरं आहे, पण ते तर पेपरातही येतं. त्यावरही रेघ. मग खडू हातात धरून मी नुसतीच उभी राहिले. वर्ग गप्प झाला. मॅडमला सुचत नाही, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं असावं. शेवटी लिहिलं, ‘कुलरमध्ये पाणी टाकायची पाळी माझी असायची.’

एका मुलीनं विचारलं, ‘पाइपनं की बादलीनं?’ बादलीनं. ‘किती बादल्या?’ अकरा. मग एक मुलगा म्हणाला, ‘मॅडम, पंप चालू असला तर कुलरचा करंट लागते ना?’ आणि मला चाळीस वर्षं न आठवलेली गोष्ट आठवली. आमचा कुलर पत्र्याचा, हिरवा, अंगणाकडच्या खिडकीला लावलेला. खालची फरशी कायम ओली. मी बादली घेऊन आले की आई मला दारातच थांबवायची. आधी बटन बंद करायची, मग पुढे होऊन हाताची मागची बाजू पत्र्याला हळूच लावून बघायची. करंट नाही याची खात्री पटली की मगच, ‘टाक आता.’ अकरा बादल्यांसाठी हे एकदा नाही, मधे पंप सुरू करून पुन्हा बंद केला तर पुन्हा. आणि वाळ्याच्या ताटीचा ओला वास आतल्या खोलीत पसरेपर्यंत ती तिथेच उभी.

हे सगळं मी फळ्यावर उतरवलं. पोरं हसली नाहीत. त्यांनाच सांगायचं होतं की त्यांच्या घरी कुलरला हात कोण लावून बघतं. कोणाकडे बाबा लाकडी पट्टीनं ढकलतात, कोणाकडे चप्पल घातल्याशिवाय जवळ जायची बंदी, एकाकडे तर कुलर शेजाऱ्यांचा, खिडकीतून यांच्याकडे थोडी हवा यायची. त्या दिवशी पहिल्यांदा वह्यांमध्ये दोन सारखी पानं सापडली नाहीत.

यात माझं लेखन चांगलं होतं म्हणून काही झालं नाही, हे लक्षात घ्या. झालं ते दोन रेघांमुळे आणि त्या थांबण्यामुळे. पोरांना वाटतं, ज्यांना येतं त्यांच्या पेनातून सरळ स्वच्छ ओळी पडतात आणि आपली खोडाखोड होते म्हणजे आपल्याला येत नाही. छापलेल्या पुस्तकात खोडाखोड दिसतच नाही, मग त्यांना दुसरं काय वाटणार? खोडाखोड दाखवू शकेल असं माणूस वर्गात एकच असतं. म्हणून चांगलं झालेलं पान घरी राहू द्या, फसलेलं पान वर्गात न्या.

लिहायला शिकवणाऱ्यानं स्वतः लिहावं, हा विचार जगात इतरत्रही शिक्षकांनीच धरून ठेवला. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथे जेम्स ग्रे यांनी 1974 मध्ये शाळांमधल्या शिक्षकांना उन्हाळी सुट्टीत एकत्र आणलं, त्यांना स्वतःचं लिहायला लावलं, एकमेकांना वाचून दाखवायला लावलं. पुढे तीच चळवळ त्या देशभर पसरली. पण आपल्याला एवढ्या लांब जायचीही गरज नाही. सावित्रीबाईंचा कवितासंग्रह 1854 चा. म्हणजे मुलींना शिकवायला लागून जेमतेम सहा वर्षं झालेली, रस्त्यात शेणमाती अंगावर झेलत शाळेत जाणारी बाई लिहीतही होती. आणि पुढच्याच वर्षी, 1855 मध्ये, फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ताबाईचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा. कोवळ्या वयाची मुलगी ती. त्या निबंधात ‘निसर्ग हा मानवाचा मित्र’ छापाचं काही नाही, तिच्या माणसांनी काय सोसलं ते आहे आणि थेट विचारलेले प्रश्न आहेत. शिक्षिकेच्या कवितांमुळेच मुलीचा निबंध झाला असं मी म्हणत नाही. पण लिहिणाऱ्या माणसांच्या सहवासात ती शिकली, एवढं मला पुरेसं वाटतं.

एक काम मात्र यंदा नक्की करा. ते आपल्या नागपूरचंच आहे, बाहेरच्या कुठल्या शिक्षकाला सुचायचं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, म्हणजे वाईट ते सगळं गावाबाहेर नेणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. सव्वाशे वर्षांहून जुनी रीत. तुमच्या वर्गातली निम्मी पोरं ती बघायला जाणार, काही तर त्याच वस्त्यांमधली असतील. ‘ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी त्यांना पाठ करावी लागत नाही. सोबत निघणाऱ्या बडग्यांच्या, म्हणजे टीकेसाठी केलेल्या पुतळ्यांच्या, गळ्यातल्या पाट्या ती वाचतात, महागाईवर, भ्रष्टाचारावर, खड्ड्यांवर. म्हणजे आपल्या गावात दरवर्षी भर रस्त्यात लेखन चालतं आणि आपण दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन ‘झाडे लावा झाडे जगवा’ लिहायला देतो.

त्या आठवड्यात प्रत्येकाला एकच ओळ लिहू द्या, माझ्या घरातून, माझ्या डोक्यातून काय घेऊन जा गे मारबत. अट एकच, नाव कोणाचं घ्यायचं नाही आणि ती गोष्ट दिसायला हवी. ‘भीती घेऊन जा’ चालणार नाही, कशाची, कधी, कुठे बसलेली भीती ते आलं पाहिजे. माझ्या वर्गात एकानं लिहिलं होतं, ‘लाइट बिल आल्यावर घरात कोणी बोलत नाही, ते घेऊन जा गे मारबत.’ आरोळीची लय पोरांच्या जिभेवर आधीच असते, त्यामुळे शब्दांना अडायला होत नाही. जी मुलं निबंधाच्या चार ओळींत दमतात तीसुद्धा यात थांबत नाहीत. पण पहिली ओळ तुमची हवी, आणि ती खरी हवी. ‘आळस घेऊन जा’ लिहिलंत तर पोरंही तेच लिहितील.

पोरं खरं लिहायला लागली की कधी कधी वहीत जड गोष्टी येतात. दारू, मार, उपाशी झोपणं. अशी ओळ वर्गात वाचायची नाही, कौतुक म्हणून स्टाफरूममध्ये दाखवायची तर अजिबात नाही. त्या मुलाशी बाजूला बोला. आणि मार किंवा त्याहून वाईट काही चालू आहे असं दिसलं तर तो भाषेचा विषय राहत नाही. मुख्याध्यापकांना सांगा, 1098 वर मुलांसाठीची मदत चोवीस तास मिळते. ज्याला हे वाचायचं नाही, त्यानं पोरांना खरं लिहा म्हणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दहावीचं थोडक्यात. 80 मार्कांच्या पेपरात उपयोजित लेखनाला 24 मार्क आहेत. पत्राचा मायना, बातमीचा मथळा, जाहिरातीची चौकट हे सगळं शिकवावंच लागेल, आणि ते सरावानं येतं. त्याला दिवाळीनंतरचे दिवस ठेवा. शनिवारच्या तासामुळे लगेच मार्क वाढतील असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. एवढं पाहिलं आहे, की स्वतःचं लिहायची सवय लागलेलं पोर आत्मकथन किंवा प्रसंगलेखन आलं की पान कोरं ठेवत नाही.

आता लाल पेन. त्या शनिवारच्या वह्यांना ते लावू नका. पेन्सिल घ्या, आणि वाचून झाल्यावर खाली एकच प्रश्न लिहा, जो तुम्हाला खरंच पडला असेल तो. ‘छान’ नाही, ‘सुधारणा हवी’ नाही. तुमच्या वहीतलं पान वाचून पोरांनीही तुम्हाला एक प्रश्न विचारायचा. मी ती वही आज पुन्हा हातात घेऊ शकले असते, तर त्या मुलीच्या तीन ओळींखाली एवढंच लिहिलं असतं, ‘चिल्लर संपल्यावर बाबा काय मोजत होते?’

शक्य असेल तर शाळेतली आणखी एक-दोघं सोबत घ्या, मराठीचीच हवीत असं नाही. माझ्यासोबत विज्ञानाचे एक सर होते. शनिवारी शाळा सुटली की चहा पिता पिता आम्ही एकमेकांना अर्धं पान वाचून दाखवायचो. सर वनस्पतींवर लिहायचे, आणि त्यांचं माझ्यापेक्षा बरं असायचं. पुढच्या मे महिन्याच्या सुट्टीत हे जरा निवांत करता येईल. आपल्या विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा सुरू होतात, ते जूनचे दिवस हाताशी असतात.

पोळ्याला अजून काही आठवडे आहेत. तोवर तीन-चार शनिवार मिळतील. पहिल्या शनिवारी त्या पोराला नावानं हाक मारा आणि सांगा, ‘तू विचारलं होतंस ना. लिहीत नव्हते. आजपासून लिहून राहिली आहे.’ आणि जागा असली तर त्याच्या बाकावर बसा.

तुमची मारबतीची ओळ मला नक्की पाठवा. खोडलेल्या ओळींसकट पाठवा.

तुमची,
ताई